प्रस्तरभंगाला टेकून तेल अडेल की निसटेल, हे कागदावर कसे तपासावे

वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत काम केलेल्या माणसाला प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून थर सरकल्याची जागा, समजावून सांगावा लागत नाही. चालू थर अचानक संपतो, समोर वालुकाश्माची भिंत येते आणि तोच थर काही मीटर वर किंवा खाली सापडतो. खाणीत त्याला सरळ ‘फॉल्ट’ म्हणतात. कोळसा मात्र जागचा हलत नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाण्याने भरलेल्या सच्छिद्र खडकातून वर चढत राहते, म्हणून तेलाच्या बाबतीत थर किती सरकला यापेक्षा सरकल्यावर त्याच्यासमोर काय आले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

हे पाहण्यासाठी १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर असे प्रमाण धरून कागदावर आडवे पट्टे काढावेत: वर ३ सेंटिमीटर वालुकाश्म, म्हणजे वाळूपासून बनलेला सच्छिद्र खडक, त्याखाली ५ सेंटिमीटर शेल, म्हणजे चिकणमातीपासून बनलेला, तेल झिरपू न देणारा घट्ट खडक, त्याखाली २ सेंटिमीटर वालुकाश्म आणि तळाशी पुन्हा शेल. तेल खालच्या वालुकाश्मात आहे आणि डावीकडचे थर मधल्या रेषेकडे किंचित चढत आले आहेत, असे धरावे. हा चढ नसेल तर तेल भंगापर्यंत पोहोचणारच नाही. आता कागद मध्ये उभा कापून उजवा तुकडा खाली सरकवावा; हा काप म्हणजेच भंग.

३ सेंटिमीटर, म्हणजे ६० मीटर सरकवल्यास डावीकडच्या ४० मीटर वालुकाश्मासमोर सर्वत्र शेल येते आणि वाट बंद होते. केवळ १५ मीटर सरकवल्यास वरच्या १५ मीटरसमोर शेल असते, पण खालचे २५ मीटर वालुकाश्मालाच भिडतात. त्यामुळे भंगापाशी फार तर १५ मीटर उंचीचा तेलाचा साठा टिकतो, बाकीचे तेल पलीकडे जाते. खरी गंमत १२० मीटरला आहे. तेव्हा वरचा वालुकाश्म खाली येऊन तेलाच्या थराच्या वरच्या २० मीटरसमोर उभा राहतो आणि तेल त्यातून निघून जाते. मोठा भंग म्हणजे मोठा साठा, हा समज येथेच सोडून द्यावा.

यानंतर भंगाची फट तपासावी. पाझर गळू नये म्हणून मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा भरतात, हे आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहे. खडक घासत सरकताना शेलमधील चिकणमाती फटीत ओढली जाऊन तसाच गाभा तयार होऊ शकतो, आणि मग वालुकाश्मासमोर वालुकाश्म असूनही तेल अडते. याउलट भंग पुन्हा हलला, तर तीच फट तेलाला वर नेणारी वाट बनू शकते.

भंग केवळ एक बाजू अडवतो. उरलेल्या बाजू थरांच्या उताराने किंवा दुसऱ्या भंगाने बंद व्हाव्या लागतात, म्हणून एका उभ्या छेदावर न थांबता थराच्या माथ्याचा नकाशाही पाहावा. राजस्थानातील बाडमेर खोऱ्यात २००४ मध्ये सापडलेले मंगला क्षेत्र अशाच, भंगामुळे कललेल्या खडकांच्या ठोकळ्यात आहे.

शेवटी काळाचा क्रम लावावा: तेल वर चढू लागण्यापूर्वी सापळा, म्हणजे तेल अडवणारी अशी सर्व बाजूंनी बंद जागा, तयार झालेला असला पाहिजे, कारण तेल निघून गेल्यानंतर पडलेल्या भंगाला टेकून केवळ पाणीच सापडते.