उन्हाळ्याचा अंदाज कसा वाचायचा अन् वणवा गावापासून लांब कसा ठेवायचा

मार्च लागला की आपल्या इकडे सगळ्यांचे मोबाईल एकाच कामासाठी उघडतात, आज अकोला किती, चंद्रपूर किती, ब्रह्मपुरी किती. ४३ झाला की स्टेटसला टाकायचं, ४५ झाला की "बाप्पा, लय तापून राहिलं" म्हणायचं अन् कूलरपुढं बसायचं. पण ज्यांचं गाव डोंगराच्या पायथ्याशी जंगलाला लागून आहे, आमचं मेळघाटच्या खालीच आहे, त्यांच्यासाठी हा आकडा अर्ध्याच कामाचा. वणवा काही ४५ ची वाट बघत नाही. वनविभाग आगीचा हंगामच १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो, म्हणजे आपण अजून रात्री गोधडी घेऊन झोपतो तेव्हापासून. सागाची पानगळ तोवर होऊन गेलेली असते, जमिनीवर गुडघ्याएवढं वाळलं गवत अन् त्यावर ती मोठाली वाकडी पानं, खालून हवा खेळती, पेटायला अजून काय पाहिजे.

अंदाज वाचताना आधी एक समजून घ्या. यलो, ऑरेंज, रेड हे उष्णतेच्या लाटेचे अलर्ट माणसाच्या अंगासाठी आहेत, जंगलासाठी नाहीत. मैदानी भागात तापमान किमान ४० असेल अन् सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीनं वर गेलं तर, नाहीतर सरळ ४५ ला टेकलं तर लाट म्हणतात. आता मार्च-एप्रिलमध्ये ३८-३९ असेल तर बुलेटिनमध्ये काहीच रंग नसतो, सगळं हिरवं, अन् त्याच दुपारी डोंगरावर धुराची रेघ दिसते.

हवामान खातं मार्च ते मे चा अंदाज फेब्रुवारीच्या शेवटी काढतं अन् एप्रिल ते जूनचा मार्चच्या शेवटी. त्यात "सरासरीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता" असं येते, अन् पेपरवाले लगेच "यंदा विदर्भ होरपळणार" छापतात. तो अंदाज फक्त हंगामाचा कल सांगतो, कोणत्या तारखेला तापेल ते त्यात नसतं. त्याच्यावरून एवढंच ठरवायचं की कामं लवकर उरकायची का निवांत. शिवाय मागचा पावसाळाही आठवून बघा, पाऊस चांगला झाला असला तर गवत उंच वाढते अन् तेच उन्हाळ्यात इंधन होते, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही, पाऊस चांगला झाला म्हणजे आग कमी असं उलटं वाटते. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, तो बघून मजुरीची, लग्नाची, मोहफुलाची कामं लावता येतात. अन् रोजच्यासाठी मेघदूत अ‍ॅप, किंवा मंगळवारी-शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला. त्या तक्त्यात सगळे कमाल तापमानाची ओळ बघतात अन् बंद करतात. तुम्ही खालच्या ओळी बघा, दुपारची आर्द्रता अन् वाऱ्याचा वेग.

माझा घरगुती हिशोब सांगतो, शास्त्र नाही हे: दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर, अन् पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही, हे तिन्ही जुळले तर त्या दिवशी वावरात काडी ओढायचीच नाही, तापमान ३८ का असेना. खात्री करायची तर जंगलाच्या कडेला जाऊन सागाचं एक पान उचलून मुठीत दाबा. नुसतं मुडपलं, देठ लवचिक राहिला तर ठीक. चुरा होऊन बोटांतून पापडासारखा गळला तर समजा तयार बसलं आहे. अवकाळी पाऊस, गारपीट झाली की एक-दोन दिवस सुटका होते पण तेवढीच, एप्रिलचं ऊन दोन दिवसांत वरचा थर परत कोरडा करते.

आता आग लागते कशी. वीज पडून वगैरे म्हणतात पण आपल्याकडे बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागते. एक मोहफूल. फुलं पहाटे पडतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली जाळून जागा साफ करतात अन् ती आग तशीच सोडून घरी. वेचणाऱ्या बायांना दोष देऊन काही होत नाही हो, पाचोळा झाडायला अर्धा दिवस जातो अन् फुलं तर उजाडायच्या आत उचलावी लागतात. त्यापेक्षा झाडाखाली जुनी लुगडी नाहीतर हिरवी शेडनेट अंथरा, फूल मातीत पडत नाही, साफ राहते, भावही बरा मिळतो. हे आमच्या मोठ्या काकूला पटवायला दोन हंगाम लागले, आता तीच दुसऱ्यांना सांगते. दुसरं तेंदूपत्ता. जाळलं की कोवळा पाला जास्त फुटते असा समज आहे, पण त्याच्यासाठी झुडपं छाटतातच की, खुंटकटाई नीट केली तर जाळायची गरजच काय.

अन् तिसरं आपले धुरे, म्हणजे वावराचे बांध. खरिपाच्या आधी धुऱ्याचं गवत, पऱ्हाटी, तुराट्या पेटवायची सवय. तीन वर्षांमागं आमच्याच बाबांनी सकाळी अकराला धुरा पेटवला, हवा अजिबात नव्हती, अन् पंधरा मिनिटांत अशी वावटळ उठली की आग दोन धुरे ओलांडून शेजाऱ्याच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या गंजीला भिडली. गंजी गेली, बैलांचा चारा गेला, अन् त्या घराशी बोलणं सुरू व्हायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून आम्ही रोटाव्हेटर मारून काडीकचरा मातीतच घालतो. जाळायचंच असेल तर सूर्य उगवायच्या आधी, ढीग छोटे, फवारणीचा पंप पाण्यानं भरून बाजूला, दोन माणसं उभी अन् वनरक्षकाला आधी फोन. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यातल्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, "वावरातून गेली" म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

गावाची तयारी होळीच्या आत झाली पाहिजे. गावाच्या जंगलाकडच्या बाजूनं दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, झाडून मातीपर्यंत साफ करा. वनविभागाच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवायला जंगलात साफ केलेले पट्टे, वेगळ्या, त्यांच्या भरवशावर राहू नका पण त्या कुठून जातात ते पोरांना दाखवून ठेवा. कुटाराची गंजी घराला चिकटून नको, अन् विजेच्या तारेखाली तर नकोच. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाला त्यांना तर २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकारच दिला आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये तो मिळाला. तर ग्रामसभेत पाळ्या लावा, दुपारी बारा ते सहा कोण टेकडीवर बसणार ते लिहून ठेवा.

धूर दिसला की आधी १९२६, ही वनविभागाची हेल्पलाइन, नाहीतर ११२. सॅटेलाइट सांगेल असं समजू नका. सॅटेलाइटचे अलर्ट येतात हे खरं, पण तो आपल्यावरून दिवसातून ठरावीक वेळीच जातो, दुपारी दीडच्या आसपास अन् रात्री तसाच, त्याच्या मधे लागलेली आग त्याला लगेच कुठून दिसणार. टेकडीवरचं पोरगं त्याच्या आधी बघते.

विझवायला जायचं असेल तर सुती कपडे, टेरिकॉट-नायलॉन अजिबात नाही, ते अंगाला चिकटते. पायात बूट, तोंडाला ओला दुपट्टा, पाण्याची बाटली, ओआरएस. आग उतारावर वरच्या दिशेनं पळते, तिची आच वरचा पाला आधीच वाळवत जाते अन् दिवसा वाराही खालून वर वाहतो, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला अन् नाल्याच्या घळीत कधीच उभं राहू नका. मागून किंवा बाजूनं जा, जळून काळी झालेली जागा पाठीशी ठेवा, तीच तुमची पळायची वाट. ओल्या फांदीनं विझवताना वर उचलून सपासप मारू नका, ठिणग्या उडतात, दाबून ओढा. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात तीन मजूर आग विझवताना गेले, वारा सुटला अन् आगीनं परत उसळी घेतली. रोज जंगलात राबणारी माणसं होती ती, म्हणून ज्वाळा कमरेच्या वर दिसल्या की मागं फिरा, जंगल परत फुटते.

विझली असं वाटल्यावर लोक चहा प्यायला निघून जातात, अन् तिथंच फसते. गवत विझते पण पोकळ ओंडका अन् वाळला बुंधा आतून दोन-तीन दिवस धुमसत राहतो, वरून राख पांढरी दिसते. हाताची पालथी बाजू जवळ न्या, आच लागली तर फोडून माती-पाणी टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी परत चक्कर मारा, तिसऱ्या दिवशीही.