फूटिंग आणि भिंत एकाच दिवशी भरताना

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मुळशीकडे उतारावर बांधल्या जाणाऱ्या एका बंगल्याची संरक्षक भिंत फूटिंगसकट, म्हणजे तिच्याखालच्या रुंद काँक्रीट पायासकट, एकाच दिवशी भरून घ्यायचे मी ठरवले. पाऊस तोंडावर आला होता, पंप एकदाच बोलवावा लागणार होता आणि पाया आणि भिंत यांच्यात सांधाच नसला तर भिंतीच्या मुळाशी पाणी झिरपायला वाट राहत नाही. हे तिन्ही हिशेब तेव्हा बरोबर होते आणि आजही बरोबर आहेत. फूटिंग दीड मीटर रुंद व 300 मिलिमीटर जाड, भिंत 200 मिलिमीटर जाड व 1.8 मीटर उंच, लांबी 15 मीटर. म्हणजे साधारण 12 घनमीटर काँक्रीट, दोन गाड्यांचा माल. काँक्रीटकामातल्या प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून मी थेट त्या दिवशीच्या चुकीकडे येतो.

एकत्र भरायचे असेल तेव्हा भिंतीची शटरिंग (ओले काँक्रीट धरून ठेवणारा प्लायचा साचा) फूटिंगच्या वर लटकती ठेवावी लागते आणि फूटिंगचा माथा दोन्ही बाजूंना उघडा राहतो. आम्ही फूटिंग भरले आणि दुसरी गाडी दारात उभी आहे म्हणून लगेच भिंतीत माल सोडला. शटरिंगचे मिस्त्री सकाळीच म्हणाले होते, "साहेब, खालचा माल जरा धरू द्या." मला तो वेळकाढूपणा वाटला. भिंत अर्ध्यावर आली तेव्हा आतल्या बाजूच्या प्लायखालून फूटिंगचा माथा वीतभर रुंदीत फुगू लागला. तो जास्तीचा माल समजून मी फावड्याने काढायला लावला, वरून रंधा मारून घेतला आणि काढलेला माल घमेल्यांनी भिंतीत परत टाकला. निडल (माल दाबून बसवणारा कंपक) चालली की पुन्हा फुगवटा येई आणि आम्ही पुन्हा तो काढत असू.

तो माल जास्तीचा नव्हता, भिंतीतलाच होता. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो असते, म्हणजे 1.8 मीटर उंचीचा माल तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 4300 किलोंचा भार टाकतो, आणि खालचा माल पातळ असेल तर तो भार त्याला शटरिंगच्या कडेखालून बाहेर ढकलतो. आपण फुगवटा काढत गेलो की बाहेरून रोखणारे वजन कमी होते आणि आणखी माल बाहेर येतो. दरम्यान वरचा माल सळयांमध्ये अडकून राहतो, त्यामुळे आत पोकळी पडते आणि ती बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या दिवशी शटरिंग खोलली तेव्हा भिंतीच्या मुळाशी, जिथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो नेमक्या तिथे, चार मीटर लांबीत खडी सुटलेली होती आणि सळ्या उघड्या दिसत होत्या.

म्हणून फुगवटा दिसला की भिंतीत माल सोडणे त्याच क्षणी थांबवा आणि फुगलेल्या मालाला हात लावू नका. तो दुसऱ्या दिवशी छिन्नीने काढता येतो.

फूटिंग भरल्यावर भिंतीआधी किती थांबायचे याचे घड्याळी उत्तर नाही. मे महिन्याच्या दुपारी पाऊण तासही पुरतो. हिवाळ्यात, मालात रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट व्हावे म्हणून घालायचे रसायन) असेल तर दोन तासही कमी पडतात. बुटाने दाबल्यावर उथळ ठसा उमटला पाहिजे, पण चालू निडल उभी धरल्यास ती स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजे. ती आत जात नसेल तर वेळ निघून गेली, आता तो सांधा आहे असे समजून काम करा. त्यानंतर भिंतीत पहिला थर 300 ते 450 मिलिमीटरचाच, पण पूर्ण लांबीभर घ्या. निडल फूटिंगमध्ये थोडीशीच उतरवा, तळापर्यंत खुपसू नका. शटरिंगच्या टेकूंना काँक्रीटचेच ठोकळे वापरा, कारण आत राहिलेला विटेचा किंवा लाकडाचा तुकडा पुढे पाण्याची वाट होतो.

दुसरी गाडी उशिराने मागवणे हेच या कामातले खरे नियोजन आहे. तयार काँक्रीटसाठीचे भारतीय मानक आयएस 4926 याप्रमाणे माल गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरला पाहिजे, त्यामुळे दारात थांबवून ठेवलेली गाडी तुमच्यावर दडपण आणते, आणि मग कोणीतरी ड्रममध्ये पाणी घालायला सुचवते. ते कोणीही सुचवले तरी ऐकू नका. माझ्या मते पहिल्या दोन-तीन भिंती स्टार्टर (फूटिंगवर आधी भरलेला भिंतीचा बुटका भाग) घेऊन दोन टप्प्यांतच भराव्यात. त्यात कमीपणा नाही. सांध्यावरची साय (वर आलेला सिमेंटचा कमकुवत थर) खरवडून, पृष्ठभाग खडबडीत, स्वच्छ आणि ओलसर करून घेण्याची रीत काँक्रीट बांधकामाच्या आयएस 456 या मानकामध्येच दिलेली आहे. मला माझ्या वरिष्ठांनी वेळापत्रक शिकवले, माल ओळखायला मात्र मिस्त्रींनी शिकवले.

ती भिंत पाडावी लागली नाही. सल्लागारांनी पाहून सांगितल्याप्रमाणे सैल भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडला आणि न आकसणारे मायक्रोकाँक्रीट भरले. पंप एकदाच बोलवून वाचलेले पैसे त्यात गेले. पुढच्या भिंतीच्या वेळी फूटिंग भरल्यावर मी सत्तर मिनिटे थांबलो. तेच मिस्त्री प्लायच्या कडेला बसून अंगठ्याने माल दाबून पाहत होते, आणि त्यांनी मान हलवल्यावरच मी पंपवाल्याला हात केला.