पागेर घेऊन खाडीत उतरताय? या चुका टाळा

श्रावण सरला, चवथ झाली की काष्टी नेसून, घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन, आजोबांचा सुती पागेर, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, खांद्यावर टाकून खाडीवर येणारे दोन-चारजण तरी दिसतातच. पोशाख झकास असतो. पागेराला हात लावला की कळते, तो गेल्या वर्षापासून पोत्यातच होता.

मीही हेच केलेले आहे. एका चवथीनंतर रात्री उशिरा शेवटे मासे मारून आलो, दमलो होतो, ओला पागेर पोत्यात कोंबला आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी पोते उघडले तर आत ऊब, आंबलेल्या पेजेसारखा वास. घेर उचलला, तर शिशाचे मणी खाली राहिले आणि सूत हातात शेवयांसारखे तुटून आले. पागेर काकांचा, दोन पावसाळे पडवीत बसून विणलेला. काका एक शब्द बोलले नाहीत. विणायची सुई आणि सुताची लडी माझ्यासमोर ठेवून जेवायला गेले.

सूत म्हणजे कापूस, तो कुजणारच. त्यात मुरलेले मीठ हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे खारा पागेर वरून सुकल्यासारखा दिसला तरी आतून ओलाच राहतो. म्हणून घरी पोचल्यावर आधी पागेर, मग माझी आंघोळ. विहिरीच्या गोड्या पाण्यात तीनदा खळबळून तो बांबूवर वाऱ्याला घालतो, शिशाकडची कड खाली सोडून. नायलॉनची गोष्ट वेगळी. तो कुजत नाही, पण उन्हात पडून राहिला तर कडक होऊन तुटतो.

हंगामात दोनदा तरी सालीचे पाणी द्यावे. माटाची साल, म्हणजे आपल्या गोव्यातला माट, मराठीतला ऐन. उभ्या झाडाची सोलू नका. मी वखारीतून मागून आणतो. तांब्याच्या भांड्यात उकळायची, पाणी गडद झाले की कोमट होऊ द्यायचे आणि पागेर त्यात रात्रभर बुडवायचा. सालीतले टॅनिन सुताला कुजण्यापासून वाचवते. हल्ली काहीजण बाजारातला तपकिरी रंग लावून मोकळे होतात. फोटोत फरक दिसत नाही, पावसाळा संपेपर्यंत दिसतो.

दुसरी चूक पाण्याच्या वेळेची. मोबाईलवर मुरगावच्या भरतीची वेळ बघायची आणि दिवाडीला येऊन उभे राहायचे! मुरगाव बंदर जुवारीच्या तोंडाशी आहे, दिवाडी बेट मांडवी नदीत आत, तिथे पाणी उशिराच चढते. किती उशिरा, ते त्या काठावर दहा-बारा वेळा बसल्याशिवाय कळत नाही, आणि बसायला कोणालाच वेळ नसतो. आमच्या घरचा ढोबळ हिशेब तिथीची पाऊणपट: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मी तो बंदराजवळच्या पाण्यासाठी धरतो आणि आतल्या जागेसाठी वाढवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीची ओढ जबर असते, तेव्हा नवख्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी सुस्त, शिकायला तेच बरे.

मानशीजवळ, म्हणजे खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या) बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, पागेर टाकू नका. तिथल्या मासळीचा हक्क लिलावात कोणीतरी घेतलेला असतो.

कड दातात धरून फेकायची आमची पद्धत सगळ्यांना आवडते. दात कधी सोडायचे, ते आधी अंगणात कोरड्या जमिनीवर शंभरदा करून बघा. घाईत एकाचा पुढचा दात शिशाबरोबर गेला. त्या दिवशी तोच एक ऐवज पाण्यातून परत आला नाही.

मनगटाची दोरी सुटगाठीने अडकवा, झटक्यात सुटली पाहिजे. खारफुटीच्या मुळांत पागेर अडकला की पागेर सोडायचा, हात नव्हे.

गमबूट खाजनाच्या चिखलात घालू नका. पाय वर येतो, बूट खालीच राहतो. कालवांच्या खडकावर मात्र जाड तळव्याचे काहीतरी हवेच. वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे खाली वागळे (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असले तर ते आधीच सरकते.

आणि पहिल्या पावसात बेडूक पकडून ‘जंपिंग चिकन’ करणाऱ्यांनी मला परंपरा सांगू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि बॅटरी मारून बसलेला बेडूक उचलायला कसले आले कसब?