तलावातील जलपर्णी काढण्याचे काम कसे आखावे

नगरपालिका असो वा ग्रामपंचायत, जलपर्णी म्हणजेच केंदाळ काढण्याच्या कामात सर्वांत महाग पडतो तो उशीर. उबदार हवा आणि मैलापाणी मिळाले की जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यामुळे फेब्रुवारीत गुंठाभर दिसणारा पट्टा मेअखेर दीड एकर व्यापू शकतो, आणि निविदा मात्र अनेकदा तेव्हाच निघते. म्हणून मंजुरी हिवाळ्यातच घेऊन ठेवावी.

काम सुरू करताना बांबू आणि दोराची तरंगती अडवण घालून पट्टा आधी कोंडावा आणि वारा त्याला ज्या काठाकडे ढकलतो, तेथूनच उपसा करावा. एक रोप हातात घेऊन पाहिले, तर फुगीर देठांच्या बुडाशी एक आडवा धावता कोंब आणि त्याच्या टोकाला पिलू, म्हणजे नवे छोटे रोप, दिसते. घाईने ओढल्यास हा कोंब तुटतो, पिलू पाण्यात राहते आणि तेवढ्यावर तलाव पुन्हा भरतो. त्यामुळे पोकलेनच्या मागे होडीतून जाळीने सुटी रोपे वेचणारी माणसे हवीतच. हा खर्च वाचवू नये. ढीग पुराच्या रेषेबाहेर नेऊन टाकावा. सांडपाण्यावर वाढलेल्या जलपर्णीत जड धातू असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय तिचे खत भाजीपाल्याला देऊ नये.

ठेकेदाराचे देयक टनांवर काढू नये, कारण ओल्या जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वर्षभर स्वच्छ राखलेल्या क्षेत्रावर ते काढावे.

तणनाशकाचा मोह टाळावा. मेलेला थर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. बेंगळुरूच्या तलावांत १९८०च्या दशकात सोडलेल्या, जलपर्णी खाणाऱ्या निओकेटिना भुंगेऱ्यांनी ती आटोक्यात आणली होती, पण त्यांना काही वर्षे लागतात आणि यंत्राने सगळे उपसले की तेही ढिगात जातात. ते सोडायचे असल्यास एक कोपरा उपशाविना राखावा. नाल्यांचे मैलापाणी प्रक्रियेविना तलावात येत राहिले, तर उपसा दरवर्षी करावा लागेल, हे प्रस्तावातच स्पष्ट लिहावे.

तळाच्या गाळातील बिया पंधरा-वीस वर्षे जिवंत राहतात. तेव्हा उपशानंतरही दर पंधरवड्याला काठाच्या झुडपांखाली होडी फिरवावी आणि दिसेल ते रोप तेव्हाच, पिलासकट उचलावे.