गर्भपिशवीचा रिपोर्ट हातात आल्यावर संशोधन कसं वाचावं

सव्वीस वर्षं मी सायटॉलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासण्याच्या लॅबमध्ये पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशींच्या) स्लाइड तपासल्या. रंगवलेल्या स्लाइडवर केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, पेशींचं अंग कुठे गुलाबी, कुठे हिरवट निळं. हजारो पेशी नीटनेटक्या असतात आणि मधेच एखादी अशी येते की केंद्रक मोठं, गडद, कडा वेडीवाकडी आणि भोवती पोकळ, पांढरं वलय. ते वलय एचपीव्ही विषाणूची खूण; गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक यातूनच होतो. अशी पेशी दिसली की काचेवर तिच्या शेजारी शाईचा बारीक ठिपका द्यायचा आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायची. माझं काम तिथं संपायचं. त्या ठिपक्याचा पुढे कागदावर एक शब्द होतो आणि तो शब्द हातात धरून कुणीतरी बाई रात्रभर जागी राहते, हे मला नीट कळलं ते माझ्याच सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘इंट्राम्युरल लायोमायोमा, ४.२ × ३.८ सेंमी’, म्हणजे पिशवीच्या भिंतीतली गाठ, असं छापून आलं तेव्हा.

त्या रात्री मी तीन तास वाचत बसले आणि सगळं उलट्या क्रमानं वाचलं. पहिला शोध कॅन्सरचा, दुसरा पिशवी काढण्याचा, आणि माझी गाठ साधी आहे की नाही हे सगळ्यात शेवटी. लॅबमधला अनुभव काही कामी आला नाही. पुढच्या दोन वर्षांत स्वतःसाठी, बहिणीसाठी आणि भाचीसाठी वाचता वाचता जी पद्धत बसली ती इथे लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र आधी. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त येतंय, किंवा दर तासाला पॅड भिजतंय आणि चक्कर येतेय, तर काहीही वाचत बसू नका. आधी डॉक्टरकडे जा. वाचन तिथून परत आल्यावर.

आता रिपोर्ट समोर घ्या आणि त्यातले शब्द वहीत जसेच्या तसे उतरवून काढा. इंग्रजी स्पेलिंगसकट, आकड्यांसकट. शोध त्याच शब्दांनी घ्यायचा. एकाच गाठीला फायब्रॉइड, मायोमा आणि लायोमायोमा अशी तीन नावं आहेत. एका नावानं शोधलं तर बाकीचे लेख निसटतात. गाठ कुठे आहे तेही लिहा: पिशवीच्या पोकळीत डोकावणारी, भिंतीतली की बाहेरच्या अंगाची. पोकळीतली दोन सेंटिमीटरची गाठ रक्तस्रावानं हैराण करू शकते, तर बाहेरच्या अंगाची पाच सेंटिमीटरची अनेकदा काहीच त्रास देत नाही. म्हणून ‘फायब्रॉइडवर उपचार’ असा लेख वाचताना तो कोणत्या जागेच्या गाठीबद्दल आहे हे पाहिलं नाही तर वाचलेलं वाया जातं.

शब्दांच्या बाबतीत ‘इरोजन’चा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पिशवीच्या तोंडाला जखम झालीय, असं किती बायकांना सांगितलं जातं! बहुतेक वेळा तिथं जखम नसते. गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचं लालसर, नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला आलेलं असतं. वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे सहज घडतं. त्याचं आजचं नाव एक्ट्रोपियन. पॅप आणि एचपीव्ही तपासणी नॉर्मल असेल आणि त्रास नसेल तर त्याला उपचार लागत नाही. जुनं नाव घेऊन शोधाल तर जुनी भीती आणि जुने उपचार समोर येतील, नव्या नावानं शोधा.

शोध घ्यायचा तो पबमेडवर. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा हा साठा कुणालाही फुकट उघडता येतो, लेखाचा सारांश तरी बहुधा वाचायला मिळतो आणि पुष्कळ लेख पूर्ण मिळतात. एकाच प्रश्नावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासलेले हवे असतील तर कॉक्रेनचे आढावे बघा. माझी सवय अशी, की आधी आढावा वाचायचा, मग त्यातला एखादा मोठा अभ्यास. सुटा, छोटा, कालपरवाचा लेख सगळ्यात शेवटी.

लेख उघडल्यावर डोळे आपोआप निष्कर्षाकडे धावतात. त्यांना आवरा आणि ‘पद्धती’चा भाग काढा. तिथं पहिला प्रश्न विचारायचा: या अभ्यासातल्या बायका कोण? माझ्यासारख्या आहेत का?

या एका प्रश्नानं माझी झोप परत आणली. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ ते ४९ वयाच्या बायका निवडल्या होत्या, त्रास असो वा नसो, आणि त्यांची सोनोग्राफी केली होती. पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना फायब्रॉइड होतात, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे गाठ असणं हीच मुळी सर्वसाधारण गोष्ट. याउलट हॉस्पिटलात आलेल्या बायकांचा अभ्यास घेतला तर प्रत्येक गाठ त्रासाचीच दिसणार, कारण त्रास नसलेली बाई तिथं आलेलीच नसते.

ॲडेनोमायोसिसचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. यात पिशवीच्या अस्तराचे भाग तिच्या स्नायूच्या भिंतीत शिरलेले असतात. पाळीत पोट भयंकर दुखतं, रक्त जास्त जातं. कित्येक दशकं हा आजार चाळिशी-पन्नाशीतल्या, मुलं झालेल्या बायकांचा म्हणून शिकवला गेला. कारण? निदान फक्त काढलेली पिशवी कापून मायक्रोस्कोपखाली पाहिली तरच व्हायचं. आणि पिशवी कुणाची काढतात? चाळिशी-पन्नाशीतल्या, मुलं झालेल्या बायकांची. एमआरआय आणि योनिमार्गातून केलेली चांगली सोनोग्राफी आल्यावर विशीतल्या, तिशीतल्या मुलींमध्येही तो दिसू लागला. माझ्या धाकट्या बहिणीला सत्ताविसाव्या वर्षी ‘तुझ्या वयात हे नसतं’ असं सांगून परत पाठवलं होतं. ते सांगणाऱ्यानं काही मनचं सांगितलं नव्हतं, पुस्तकात तसंच होतं. पण दुखणं तिनं नऊ वर्षं सोसलं. जुन्या अभ्यासातल्या बायकांमध्ये ती नव्हतीच, हे आजही आठवलं की माझा जीव तुटतो.

दुसरा प्रश्न: मोजलं काय? गाठीचा आकार मोजला, रक्त मोजलं, की बाईचे दिवस कसे गेले ते मोजलं?

जास्त रक्तस्राव म्हणजे एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त, ही व्याख्या १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या मोजमापातून आली. पण घरी कोण मिलिलिटर मोजणार? म्हणून १९९० मध्ये चित्रांचा तक्ता निघाला: हलकं डागाळलेलं पॅड १ गुण, मध्यम ५, पूर्ण भिजलेलं २०, रक्ताची छोटी गाठ १, मोठी ५. बेरीज शंभरावर गेली तर रक्तस्राव जास्त धरायचा. हा तक्ता मी स्वतः चार महिने भरला. न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला वही टांगली आणि पॅड बदलताना तिथंच रेघ ओढली, कारण संध्याकाळी आठवून लिहिलेलं नेहमी चुकतं. पहिल्या महिन्यात १८५ आले. मला वाटत होतं, सगळ्यांनाच एवढं जातं. तुम्हीही निदान दोन पाळ्या भरा; संशोधनातला आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवता येतो, आणि डॉक्टरांपुढे ‘खूप जातं’ म्हणण्यापेक्षा तो कागद जास्त ऐकला जातो.

आता मात्र रक्ताच्या मापापेक्षा बाईच्या जगण्यावर काय परिणाम होतो याला महत्त्व आलंय, आणि मला ते फार योग्य वाटतं. ब्रिटनमध्ये ५७१ बायकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या बायकांना हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू गर्भाशयात बसवली, निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या दिल्या. मोजलं काय, तर काम, घर, मन, लोकांत मिसळणं यांवर पाळीचा किती भार पडतो ते. दोन वर्षांत दोन्ही गटांना आराम पडला, हार्मोनच्या वस्तूनं जास्त. पण पोटावरून हाताला लागेल इतकी मोठी पिशवी असलेल्या बायका त्यात घेतल्याच नव्हत्या. म्हणजे मोठे फायब्रॉइड असलेल्या बाईनं तो निकाल आपला म्हणून घेऊ नये. पहिला प्रश्न असा पुन्हा पुन्हा आडवा येतो.

तिसरा प्रश्न तुलनेचा. दोन उपचारांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले होते, की आधीच झालेल्या केसेसच्या फायली काढून पाहिल्या? गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पिशवी दुर्बिणीतून काढली काय किंवा पोट उघडून काय, सारखंच, असं जुन्या फायलींवरून वाटत होतं. २०१८ मध्ये ६३१ बायकांची चिठ्ठी टाकून केलेली चाचणी आली. साडेचार वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या आणि दुर्बिणीच्या गटात ८६. बारीक टाके, लवकर घरी, सगळं खरं, पण कॅन्सर जास्त वेळा उलटला. हे फक्त त्या कॅन्सरच्या ऑपरेशनचं आहे. साध्या गाठीसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं असेल तर यानं घाबरून जाऊ नका.

किती काळ पाहिलं हेही बघा. युलिप्रिस्टल नावाची गोळी फायब्रॉइडवर चांगली चालते, असं २०१२ च्या चाचण्यांत दिसलं. त्यांत काही शे बायका होत्या. यकृत निकामी होण्याचे मोजके प्रकार पुष्कळ बायकांनी ती घेतल्यावरच दिसले, आणि २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकानं तिचा वापर ऑपरेशन शक्य नसलेल्या बायकांपुरता आणला. इतका विरळा अपाय काही शे बायकांच्या चाचणीत कसा दिसणार?

‘धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ असं वाक्य दिसलं की पेन्सिल घ्या आणि हजारांत किती ते लिहा. हजारांत दोनच्या जागी तीन झाले तरी ती ५० टक्के वाढच. दोनशेच्या जागी तीनशे झाले तरीही.

आणि ‘अमुक अर्कानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या’ असं वाचलं तर त्या पेशी कुठल्या ते पाहा. बहुधा हेला पेशी असतात. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या. ती त्याच वर्षी गेली, पेशी जगभरच्या लॅबमध्ये अजून वाढताहेत. विज्ञानाला त्यांनी अपार दिलं आहे. पण काचेच्या बशीत पेशी मारायला पुष्कळ गोष्टी पुरतात. त्यावरून कुणी औषध बदलू नये.

आता भाचीचं सांगते, कारण एका आकड्यानं काय फरक पडतो ते तिच्या रिपोर्टमध्ये दिसलं. वय २७, बायोप्सीत ‘सीआयएन २’. सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींतला कॅन्सरपूर्वीचा बदल; १ सौम्य, ३ सगळ्यात गंभीर. फोनवर रडत होती. एका नातेवाईक बाईंनी तिला ‘हे सगळं आपोआप जातं’ म्हणून सांगितलं होतं आणि दुसऱ्या कुणी ‘कॅन्सरची पहिली पायरी’. आम्ही दोघी शेजारी बसून २०१८ चा आढावा वाचला. त्यात ३६ अभ्यास एकत्र केले होते. उपचार न करता लक्ष ठेवलेल्या सीआयएन २ पैकी दोन वर्षांत निम्मे आपोआप बरे झाले, ३२ टक्के तसेच राहिले, १८ टक्के वाढले. तिशीच्या आतल्या बायकांमध्ये बरे होण्याचं प्रमाण ६० टक्के, वाढण्याचं ११. तिला पुढे मूल हवं होतं, आणि उपचार म्हणून मुखाचा तुकडा जितका खोल काढावा तितकी पुढे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता वाढते. म्हणजे थांबण्यात तिच्यासाठी अर्थ होता.

पण मी तिला दुसरा लेखही वाचायला लावला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १९६० च्या दशकापासून काही बायकांच्या सीआयएन ३ वर पुरेसे उपचार न करता डॉक्टर नुसतं पाहत राहिले. त्या बायकांना हे धड सांगितलंही नव्हतं. पुढे चौकशी झाली आणि २००८ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला: फक्त निदानापुरता तुकडा काढून सोडून दिलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कॅन्सर झाला, नीट उपचार झालेल्यांमध्ये ०.७ टक्के. भाचीच्या रिपोर्टमध्ये सीआयएन २ च्या जागी ३ असता तर मीच तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. आणि ‘लक्ष ठेवणं’ याचा अर्थ तारखा ठरलेल्या कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून पाहण्याची तपासणी), घरी बसून वाट पाहणं नव्हे.

डॉक्टरकडे जाताना तिनं लेखाचा गठ्ठा नेला नाही. अर्ध्या पानावर तीन ओळी लिहून नेल्या: माझं वय आणि रिपोर्ट या आढाव्यातल्या बायकांसारखे आहेत का, तुम्हाला मुखाचा बदललेला सगळा भाग कोल्पोस्कोपीत दिसला का, थांबले तर कोणत्या निकालावर थांबणं सोडायचं. डॉक्टरांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे विचारलंत ते बरं झालं. सगळा भाग दिसला होता. दर सहा महिन्यांनी यायचं ठरलं. पहिल्या तपासणीत तसंच होतं, दुसऱ्या तपासणीच्या बायोप्सीत ‘सीआयएन १’ आलं. तिसरी तारीख तिनं माझ्या वहीतही लिहून ठेवली आहे.