जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप: गोव्यात घ्यावी कशी, दुरुस्त करावी कशी, रानवाटांसाठी सज्ज करावी कशी

सत्तरीतल्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) किंवा सांगे-केप्याकडच्या काजूच्या बागेत भर पावसाळ्यात ये-जा करणाऱ्याला चारही चाकांना जोर देणाऱ्या पिकअपची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हौशी मंडळींचेही तसेच आहे. रेनफॉरेस्ट चॅलेंज या रानवाटांवर गाड्या हाकण्याच्या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाली ती ऐन पावसाळ्यात, कारण इथल्या तांबड्या चिखलाची खरी परीक्षा तेव्हाच असते. नवी गाडी सगळ्यांच्या आवाक्यात नसल्यामुळे बहुतेकांची नजर जुन्या गाडीकडे वळते, आणि गाडी दारात आली की पहिला खर्च होतो तो ती उंच करण्यावर आणि मोठे टायर चढवण्यावर. हा क्रम उलटा आहे. गोव्यात गाडीला खरा धोका असतो तो पाणी, मीठ आणि लाल धूळ यांचा. म्हणून गंज, ऑइल सील, कूलिंग आणि ब्रेक यांवर आधी पैसे घालावेत, नंतर टायरवर आणि सर्वांत शेवटी उंचीवर. त्यासाठी खरेदीच्या बजेटमधला निदान चौथा हिस्सा दुरुस्तीकरिता वेगळा काढून ठेवावा आणि उरलेल्या रकमेतच गाडी शोधावी.

कोणती गाडी पाहावी

जुन्या बाजारात साधारणपणे महिंद्रा बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन एक्सटी आणि २०१६ मध्ये भारतात आलेली आयसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअप मिळतात. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आल्यामुळे तिची जुनी गाडीही महागच पडते. गेटअवेचे पुष्कळसे सुटे भाग स्कॉर्पिओचे आणि झेनॉनचे इंजिन सफारीच्या घराण्यातले असल्याने गावातला मेकॅनिकही त्यांना हात लावायला कचरत नाही. व्ही-क्रॉस जास्त आरामशीर आणि दणकट आहे, पण तिचे भाग महाग असतात आणि कधीकधी मागवून थांबावे लागते. शेतीबागायतीसाठी रोजच्या वापराची गाडी हवी असेल, तर जिचे भाग म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या दुकानात हातोहात मिळतात तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यांतल्या बहुतेक गाड्या टू-व्हील-ड्राइव्ह प्रकारातही विकल्या गेल्या आहेत. तेव्हा मागच्या फाळक्यावरच्या फोर-बाय-फोरच्या स्टिकरवर विश्वास न ठेवता नोंदणी पुस्तिकेतला मॉडेलचा प्रकार वाचावा आणि पुढच्या एक्सलकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, जागेवर आहे का, हे वाकून पाहावे. दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी तो काढूनच टाकलेल्या गाड्याही विक्रीला येतात.

कागद

चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावेत. एम-परिवहन ॲपवर मालकाचे नाव, विमा आणि फिटनेसची मुदत तपासावी आणि थकीत चलनांचीही चौकशी करावी. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत वाहतूक खात्याला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, हे जुन्या कॅम्परचा भाव ठरवताना लक्षात ठेवावे. पिवळ्या पाटीची मालवाहू पिकअप घरच्या वापरासाठी घेणार असाल, तर ती खासगी करून मिळेल का, हे व्यवहाराआधीच कार्यालयात विचारावे. मागाहून विचारून उपयोग नसतो.

परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला लागतो आणि ती १२ महिन्यांहून अधिक काळ गोव्यात राहणार असेल, तर इथला कर भरून इथली नोंदणी घ्यावी लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या बाहेर विकल्या जातात. कोरड्या हवेत वाढलेल्या अशा गाडीची चासी आपल्या किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा पुष्कळदा चांगली निघते. याउलट २०१५ मध्ये चेन्नईत आणि २०१८ मध्ये केरळात असंख्य गाड्या पुरात बुडाल्या होत्या, म्हणून तिकडून आलेल्या गाडीचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावेत. पट्ट्याच्या आतल्या टोकावर गाळाची रेघ दिसली, तर पुढची पाहणी करण्याची गरज नाही.

गाडीखाली शिरून पाहणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना आणि उजेडात पाहावी. नुकतीच धुऊन खालून काळा रंग मारलेली गाडी असेल तर अधिक सावध व्हावे, कारण जाड काळ्या लेपाखाली गंज सहज लपतो. लहान हातोडी घेऊन चासीच्या दोन्ही बाजूंनी हलके ठोकत जावे. पत्रा शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो आणि आतून खाल्लेला असेल तर बद्द. मागच्या चाकांच्या वरचा भाग, पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, केबिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते त्या जागा आणि हौद्याखालचे आडवे पट्टे इथे गंज आधी धरतो. हौद्यात प्लास्टिकचे अस्तर असेल तर ते काढायला लावावे.

गाडीने आधी काय वाहिले, ही चौकशी गोव्यात फार महत्त्वाची आहे. मालीम, कुटबण किंवा वास्कोच्या खारीवाड्यावरून मासळी वाहिलेल्या पिकअपमध्ये वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चासीवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर ठिबकत राहिलेले असते. अशी गाडी वरून चकचकीत दिसली तरी घेऊ नये. चासी कुजली असेल तर वेल्डिंग करून ती काही दिवस चालेल, पण विंचने (रुतलेली गाडी तारेने ओढणाऱ्या यंत्राने) ओढताना किंवा खड्ड्यात आपटताना सगळा ताण त्याच जागी येतो.

खाणपट्ट्यातल्या गाड्यांचा आजार वेगळा असतो. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खनिजाच्या आणि चिऱ्यांच्या खाणींवर राबलेल्या गाड्यांच्या इंजिनात बारीक लाल धूळ गेलेली असू शकते. ती ओळखण्यासाठी एअर फिल्टरचा डबा उघडावा आणि फिल्टरच्या पलीकडे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, बोटाला पांढरे फडके गुंडाळून, आतल्या बाजूने फिरवावे. फडके स्वच्छ निघाले तर उत्तम. त्यावर तांबडी पूड आली तर फिल्टरला चुकवून धूळ आत जात होती आणि टर्बो, पिस्टन रिंग व सिलिंडर झिजले असण्याचा संभव मोठा आहे. मग इंजिन चालू असताना ऑइलची टोपी काढून पाहावी. तिथून धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर शंका पक्की होते. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येणे म्हणजे इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

चारही चाकांना जोर मिळतो का

या पिकअपमध्ये सामान्यतः पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असते. मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून वळणे घेतली, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) येतो. त्यामुळे चाचणी मोकळ्या मातीवर किंवा ओल्या गवतावरच करावी. आधी फोर-हाय (चारही चाके, नेहमीचा वेग), मग गाडी थांबवून, न्यूट्रल करून फोर-लो (चारही चाके, कमी वेग पण जास्त जोर) जोडावे. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहिला तर शिफ्ट मोटर किंवा तिची वायरिंग गंजलेली असू शकते. दिवा लागला म्हणजे पुढची चाके फिरतातच असेही नाही, म्हणून चढावर सैल मातीत एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून पुढच्या चाकांकडे पाहावे. फोर-लोमध्ये घरघर किंवा गिअर निसटल्याचा झटका जाणवला तर खर्च मोठा आहे. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळून त्यांच्या टोकांच्या क्रॉस जॉइंटमधली ढिलाई पाहावी आणि पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या सीव्ही जॉइंटची रबरे फाटली आहेत का, तेही पाहावे.

शेवटी मालकाच्या परवानगीने मागच्या डिफरन्शियलचा वरचा बोल्ट सोडून थोडे ऑइल बोटावर घ्यावे. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. कुळ्याहून दूधसागरच्या वाटेवर ओढे ओलांडत राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास तपासावे.

दुरुस्तीचा क्रम

गाडी घेतल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदमच बदलावे. मागचा मालक काहीही सांगो. त्यानंतर ब्रेकच्या लोखंडी नळ्या, व्हील बेअरिंग, बुश आणि शॉकअप पाहावेत. रेडिएटर उतरवून त्याच्या जाळीत अडकलेला चिखल कमी दाबाच्या पाण्याने काढावा, कारण फोर-लोमध्ये हळू चढताना वाऱ्याचा झोत मिळत नाही आणि अर्धवट बुजलेल्या रेडिएटरने इंजिन तापते.

गंजावर उपाय करताना सैल खवले घासून काढावेत, प्रायमर आणि रंग द्यावा आणि चासीच्या पोकळ भागात मेणाचा पातळ लेप फवारून घ्यावा. पाणी निचरण्याची भोके मात्र उघडी ठेवावीत. ती बुजली की चासीत साचलेला चिखल पावसाळाभर ओलाच राहतो.

ब्रिदरकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. एक्सलच्या वर हवा ये-जा करण्यासाठी एक लहान टोपी असते. चालून तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि टोपी चिखलाने बुजलेली असेल तर पाणी ऑइल सीलच्या कडेने आत ओढले जाते; टोपी उघडी असूनही पाण्याखाली गेली तर तिच्यातूनच जाते. दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे ब्रिदर डिझेलच्या रबरी नळीने बॉनेटखाली उंच नेऊन बांधावेत. खर्च अगदी किरकोळ, आणि वाचतात ते सगळ्यांत महाग भाग.

बदल: किती आणि कोणते

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. तसा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढचे लोखंडी बुल बार केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात बेकायदेशीर ठरवले आहेत. जे कराल ते वाहतूक खात्याला विचारून करावे आणि विमा कंपनीला कळवावे.

पहिला बदल टायरचा. मूळ मापाचे किंवा कंपनीने त्या मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारासाठी मान्य केलेल्या मापाचे ऑल-टेरेन टायर बागायतीच्या वाटांना पुरतात. मड टायर चिखलात सरस असले तरी पावसात ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते, आणि आपला बहुतेक प्रवास डांबरावरूनच होतो. टायरच्या बाजूला छापलेले चार अंकही वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चिखलात हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली की पकड स्पष्ट वाढते, पण त्यासाठी प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर जवळ हवा आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायला हवी.

दुसरा बदल म्हणजे चासीला बोल्टने पक्के बसवलेले, वजनाची क्षमता छापलेले रिकव्हरी हुक, पुढे आणि मागे. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून ओढणे जीवघेणे आहे. गोळा तुटला तर तो काच फोडून आत येतो. विंच बसवायचाच असेल तर गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा घ्यावा, म्हणजे २,८०० किलोच्या गाडीला ४,२०० किलोचा.

स्नॉर्केलमुळे, म्हणजे वर नेलेल्या हवेच्या नळीमुळे, इंजिनाची हवा उंचावरून घेतली जाते. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका त्याने टळतो, पण त्याचे सगळे सांधे हवाबंद असतील तरच. उंची वाढवायची झाल्यास ४० ते ५० मिलिमीटरवर थांबावे. त्यापुढे सीव्ही जॉइंटचा कोन तीव्र होतो, ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात आणि घाटातल्या वळणांवर गाडी कलू लागते. रिकामी पिकअप मागून उसळते म्हणून पाटे काढून टाकण्याची सूचना कोणी केली तर ती मानू नये.

कुठे न्यावी आणि आणल्यावर काय करावे

समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवणे गोव्यात बेकायदेशीर आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि भगवान महावीर अभयारण्यांत वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) किंवा खासगी जमीन असेल तर मालकाला विचारावे. पाण्याने भरलेल्या बंद चिरेखाणीत तर कोणत्याही गाडीने उतरू नये. तिथे काठाला लागूनच सरळ कडा असतो आणि खोली वरून कळत नाही. ओढा ओलांडण्याआधी तो पायी चालून पाहावा, आणि पाणी इतके जोरात असेल की माणसाला चालता येत नाही, तर गाडीही नेऊ नये.

परतल्यावर खालून गोड्या पाण्याने चासीच्या पोकळ भागांसह सगळा चिखल धुवावा, क्रॉस जॉइंटना ग्रीस भरावे आणि खोल पाण्यातून गेला असाल तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल बघावे. पाटे किंवा टायर नव्याने बसवले असतील तर चाकांचे नट शंभर किलोमीटरच्या आत आणि पाट्यांचे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरला, ठरलेल्या टॉर्कवर, पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.