किडनीचा आजार आणि मीठ: या चुका टाळा

क्रिएटिनिन (किडनी नीट काम करेनाशी झाली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढल्याचा रिपोर्ट आला की घरातले सगळे आधी मिठावर येतात, आणि ते योग्यच आहे. किडनीचा जुनाट आजार असलेल्यांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणजे सपाट चमचाभर, तेही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. त्याने रक्तदाब उतरतो, लघवीतून जाणारं प्रथिन घटतं, सूज कमी होते. पण बऱ्याच घरांत मीठ कमी होत नाही, नुसतं बदललं जातं.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे ‘लो सोडियम’ मीठ आणणं. त्यातलं थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं. कमजोर किडनीला मात्र जादा पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावरही बेतू शकतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण या गोळ्यांनीही पोटॅशियम चढतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये असं मीठ वापरण्याची शिफारस केली, तेव्हाही किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं. त्यामुळे पाकिटाच्या मागच्या बाजूला पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ स्वयंपाकघरात आणू नका.

सैंधव आणि काळं मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळ्या हाताने घातलं जातं. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. उपवासाला सैंधवासोबत बटाटा आणि रताळं येतं, म्हणजे पोटॅशियमही आलंच.

‘आम्ही वरून मीठ घेतच नाही,’ असं अनेकजण मनापासून सांगतात. मग महिन्याला मिठाची किती पाकिटं लागतात ते बघा. चौघांच्या घरात एक किलोचं पाकीट महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 8 ग्रॅमच्या वर मीठ झालं. लोणचं, फरसाण, खारी, पाव, इन्स्टंट नूडल्स यांतलं मीठ वेगळंच. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, तोही सोडियमचाच. सांडगी मिरची, सुकट, खारवलेले बोंबील यांचा खारटपणा जिभेला कळतो तरी. सोलकढीत आगळ घातलं तर त्यात आधीच मीठ असतं, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, एवढं लक्षात ठेवलं की दुकानातच हिशोब होतो. तो आकडा बहुधा 100 ग्रॅमचा असतो, हेही तपासा.

पोट फुगलं की फसफसणारं चूर्ण पाण्यात टाकून घेण्याची सवय सोडा, त्यात खायचा सोडा, म्हणजे सोडियमच असतं. पाण्यात विरघळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांतही सोडियम भरपूर असतं. याउलट, रक्तातलं आम्ल कमी करायला डॉक्टरांनी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या असतील, तर नावातलं सोडियम वाचून त्या स्वतःहून बंद करू नका.

डायलिसिसवर असलेल्यांना जास्त पाणी पितात म्हणून बोलणी खावी लागतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं. मीठ जास्त झालं की तहान लागणारच. आधी ताटातलं मीठ उतरवा, पाणी आवरणं सोपं जाईल.

एका दिवसात सगळं अळणी केलं तर आठवड्यात माणूस कंटाळून पुन्हा लोणच्याकडे वळतो. हळूहळू कमी करा, जिभेला काही आठवडे द्या. लसूण, जिरं, हिंग, ओली मिरची आणि लिंबाच्या चार थेंबांनी पुष्कळ काम होतं.

काहींच्या किडनीतून मुळातच मीठ वाहून जातं, त्यांना ही बंधनं जशीच्या तशी लागू नाहीत. जुलाब-उलट्या होत असतील किंवा उठताना चक्कर येत असेल, तर मीठ आणखी तोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीचं काय करायचं तेही विचारा.